लागलं की फाटलं?

पहाटे ५.४०

दही लागलेलं नाही. झाकण काढून पातेलं जरासं कलतं केलं, तर सायीखाली दूधच हललं. जानेवारीतली थंडी, त्यात रात्री विरजण घालायला उशीर झाला आणि दूध पार निवून गेलं होतं.

"हात नको लावू त्याले," सासूबाई म्हणाल्या. "लागता लागता हललं का मंग बसत नाही थे."

त्यांनी पातेलं माझ्या हातातून घेतलं, जुन्या धाबळीत गुंडाळलं आणि पाणी तापवायच्या चुलीपासून हातभर लांब ठेवलं. फार जवळ नाही, फार लांब नाही. हे अंतर त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आज कॉलेजात मला हेच करायचं आहे. काचेच्या चार नळ्यांत एक पदार्थ लावायचा आहे, आणि तो लागत असताना त्याला हात न लावता दिशा द्यायची आहे.

सकाळी ७.३५

मालेगावहून वाशिमची एसटी. मी वाशिमच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचा प्रकल्प माझ्याकडे आहे: आपले आपण जुळणारे पेप्टाइड आणि त्यांना चुंबकाने ओळीत लावणं. त्यासाठीच्या दोन निओडिमियम चकत्या पिशवीत आहेत. पंचवीस मिलिमीटर व्यास, दहा मिलिमीटर जाडी, हातात घेतल्या तर जाड बिस्किटाएवढ्या. गेल्या आठवड्यात दोन्ही एकाच डब्यात ठेवल्या, त्या एकमेकींवर अशा आदळल्या की एकीची कड उडाली आणि माझ्या बोटाला काळा डाग पडला. आता दोन वेगळ्या डब्या आणि मध्ये जाड पुस्तक.

तरी उतरताना पिशवी सीटच्या लोखंडी दांडीला धरून बसली. कंडक्टर म्हणाले, "अडकली का मॅडम?" मी हिसका देऊन ती सोडवली. काय सांगणार!

वाटेत दोन्ही बाजूंना तुरीची सोंगणी चालू होती. सोयाबीन केव्हाच निघालं आणि त्या वावरांत हरभरा उभा आहे. आमची ही काळी माती बेसाल्टची, म्हणजे दख्खनच्या लाव्हाची. त्या दगडात लोह आणि टायटॅनियमचं काळं चुंबकी खनिज असतं. पावसाळ्यानंतर कुठल्याही नाल्याच्या वाळूतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला चुंबक फिरवा, पिशवीवर काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहतात. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर याच दगडात पडलेलं. चुंबकाला ओळखणारी माती आमच्या पायाखालीच आहे, प्रयोगशाळेत फक्त तिची स्वच्छ आवृत्ती करायची.

सकाळी ९.१०

प्रयोगशाळा. आमच्या परिचर मामांनी ऊर्ध्वपातित पाण्याचं यंत्र सकाळीच लावून ठेवलंय. विद्यार्थिनी आधीच आली आहे, मानोऱ्याकडच्या तांड्यावरून. घरी गोरमाटी, बसमध्ये वऱ्हाडी, जर्नलमध्ये इंग्रजी आणि माझ्याशी या तिन्हींचं मिश्रण. तिची परतीची शेवटची सोयीची गाडी सव्वापाचची. आजच्या प्रयोगाची खरी मर्यादा ती गाडी आहे.

पहिलं काम वजनाचं. इलेक्ट्रॉनिक तराजूसाठी पंखा बंद, खिडकी बंद, बोलणंही बंद. बाटलीत कापसाच्या धुळीसारखी पांढरी पूड आहे: एफमॉक-डायफिनाइलअ‍ॅलनिन. नाव लांब असलं तरी माणूस ओळखीचा आहे. फिनाइलअ‍ॅलनिन हे आपल्या डाळीत, दुधात, सोयाबीनमध्ये असलेलं अमिनो आम्ल. अ‍ॅस्पार्टेमवाल्या शुगरफ्री गोळीच्या डबीवर ते असल्याची सूचना छापलेली असते. अमिनो आम्लं एकमेकांना गुंफली की पेप्टाइड, खूप गुंफली की प्रथिन. इथे दोनच गुंफली आहेत, आणि एका टोकाला 'एफमॉक' ही चपट्या कड्यांची टोपी घातली आहे. एवढ्याशा रेणूची किंमत सोयाबीनच्या पोत्यांच्या हिशेबात मोजावी लागते, म्हणून ४० मिलिग्रॅमच घेतले.

या दोन मण्यांची गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी सांगितली होती. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत प्रथिनांच्या तंतूंची गाठोडी साठतात. त्या अमिलॉइड-बीटा साखळीत एकोणिसाव्या आणि विसाव्या जागी लागोपाठ दोन फिनाइलअ‍ॅलनिन आहेत. तेल अवीव विद्यापीठातल्या मेतल रेखेस आणि एहुद गाझित यांनी तेवढा तुकडा वेगळा काढून पाण्यात सोडला आणि त्याच्या आपोआप जुळून अतिसूक्ष्म नळ्या झाल्या. हे त्यांनी २००३ साली 'सायन्स'मध्ये छापलं. रोगाशी जोडलेली खोड सामान बांधायला कामी आली.

आपोआप म्हणजे काय? या रेणूतली बेंझिनची कडी पाण्याला नको असतात. ती पाण्यापासून तोंड लपवायला एकमेकांवर रचली जातात, आणि पेप्टाइडचा कणा शेजारच्या कण्याला हायड्रोजन बंधाने धरतो. एकाशेजारी एक, लाखो. तंतू होतो, तंतूंचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं आणि नळी उलटी केली तरी सांडत नाही. शंभर भागांत अर्धा भाग पेप्टाइड आणि बाकी पाणी, तरी ते उभं राहतं.

सकाळी १०.१५

आता चुंबकी कण. कृती जुनी आणि खात्रीची आहे. फेरिक क्लोराइड २.७ ग्रॅम, फेरस सल्फेट १.३९ ग्रॅम, म्हणजे तीन-भाराचं लोह दोन वाटे आणि दोन-भाराचं एक वाटा. हे प्रमाण चुकलं तर काळ्याऐवजी तपकिरी गाळ मिळतो. फेरस सल्फेटची हिरवाई हवेने पिवळी पडते, कारण दोन-भाराचं लोह हवेत तीन-भाराचं होतं. नायट्रोजनचं सिलिंडर आमच्याकडे नाही, म्हणून पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवली.

ऐंशी अंशांच्या आसपास तापवलेल्या नारिंगी द्रावणात तिने अमोनिया ओतला. नाकाला झोंबला, डोळ्यांत पाणी आलं, आणि चंचुपात्र एका क्षणात काळं झालं. शाईसारखं. हे दरवेळी बघूनही मला दरवेळी बघावंसं वाटतं.

चंचुपात्राखाली चुंबक धरला, काळं सगळं तळाशी बसलं, वरचं पाणी ओतून दिलं. असं चार वेळा धुतलं. मग चिमूटभर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल. ते कणांना वरून चिकटतं, कणांवर ऋणभार येतो, आणि सारख्या भाराचे कण एकमेकांना जरा दूर ठेवतात. तरी सगळे सुटे होत नाहीत, लहान लहान गोळे राहतातच. मॅग्नेटाइटचे कण दहा-वीस नॅनोमीटरचे असले की त्यांची एक गंमत असते: चुंबक जवळ असेपर्यंत ते स्वतः चुंबक, चुंबक काढला की सगळं विसरतात.

"मंग त्याहीले लक्षात कोन ठेवाले लावणार?" तिने विचारलं.

"त्यासाठीच पेप्टाइड."

सकाळी ११.३०

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा तास. आज पेप्टाइड बंध. फळ्यावर रामचंद्रन आलेखाची चौकट काढली: जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासला १९६३ साली दाखवलं की पेप्टाइडचा कणा हवा तसा वळू शकत नाही, अणू एकमेकांवर आदळतात, म्हणून थोड्याच वळणांना मुभा आहे. जगातल्या प्रत्येक प्रथिनाची रचना आजही त्या चौकटीत तपासली जाते.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, रक्तात लोह असते तं चुंबक अंगाले काहून चिकटत नाही?"

चांगला प्रश्न. अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, आणि रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये एकेक अणू सुटा सुटा बसलेला असतो. लोखंडाच्या खिळ्यात अणू शेजारी शेजारी असतात आणि एकमेकांच्या मताने वागतात, इथे तसं नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ साली मोजून दाखवलं की ऑक्सिजन घेतलेलं रक्त तर चुंबकापासून किंचित दूरच सरतं.

"म्हणजे चुंबकाला नको असलेल्या वस्तूही असतात?"

बहुतेक सगळ्याच. पाणी, लाकूड, आपण. फक्त हे ढकलणं इतकं क्षीण असतं की जाणवत नाही. १९९७ साली नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे सोळा टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला, तो याच ढकलण्यावर. बेंझिनच्या कड्यात तर ते सगळीकडून सारखं नसतं, कडं ज्या बाजूने कमी ढकललं जातं ती बाजू धरतं. ही दिशेची आवड आपल्याच के. एस. कृष्णन यांनी १९३०च्या दशकात ढाका आणि कलकत्त्याला नॅफ्थलिनसारख्या पदार्थांचे स्फटिक धाग्याला टांगून मोजली. नॅफ्थलिन म्हणजे जुन्या काळची डांबरगोळी. मुलं हसली, पण डांबरगोळी लक्षात राहील आणि तिच्या मागून कृष्णन.

दुपारी १.४०

डबा खाऊन पुन्हा प्रयोगशाळेत. ४० मिलिग्रॅम पूड पाण्यात, त्यात ०.१ मोलर कॉस्टिक सोडा पाऊण मिलिलिटर, थेंबाथेंबाने. पूड हट्टी आहे, ढवळून ढवळून हात दुखतो. आम्लारीत रेणूंच्या टोकांवर ऋणभार येतो, ते एकमेकांपासून लांब राहतात आणि द्रावण नितळ होतं. आता हळूहळू आम्ल वाढवलं की भार जाणार आणि ते जुळणार.

'हळूहळू' हा इथला कळीचा शब्द. गेल्या आठवड्यात तिने घाईने हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. थेंब पडला तिथे पांढरी गुठळी, बाकी सगळं पाणी. "फाटलं, मॅडम," ती म्हणाली होती. शब्द अगदी बरोबर होता. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं, विरजणाने ते लागतं. आम्ल दोन्हीकडे आहे, फरक वेगाचा आहे.

म्हणून आज जीडीएल, ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन. ही पांढरी पूड पाण्यात लगेच विरघळते, पण आम्लात रूपांतर होताना वेळ घेते, आणि सगळीकडे सारखाच वेळ घेते. पेप्टाइडच्या जेलसाठी ही युक्ती तेव्हा लिव्हरपूलला असलेल्या डेव्ह अ‍ॅडम्स यांच्या गटाने रूढ केली, पण खाद्यधंद्याला ती आधीपासून ठाऊक होती: जपानी पद्धतीचं रेशमी टोफू याच पुडीने लावतात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. सोयाबीनच्या या जिल्ह्यात सोया पनीर करणारे बहुतेक लिंबूसत्त्व वापरतात आणि दाणेदार फाटलेलं पनीर दाबून वडी पाडतात. मी हे सांगितल्यावर तिने पुडीची बाटली नव्या नजरेने पाहिली. "हे आमच्या बचत गटाले सांगतो मी."

चार नळ्या. पहिलीत नुसतं पेप्टाइड. दुसरीत पेप्टाइड आणि काळे कण, चुंबक नाही. तिसरीत कण, आणि लागेपर्यंत चुंबक. चौथीत कण, पण चुंबक लागून झाल्यावर.

तिसऱ्या नळीसाठी सुताराकडून लाकडी खोबण करून घेतली आहे: समोरासमोर दोन चकत्या, मध्ये दोन सेंटिमीटर जागा, एकीचं उत्तर टोक दुसरीच्या दक्षिणेकडे. हिशेबाने मध्यावर टेस्लाचा पाव भाग किंवा जरा जास्त क्षेत्र पडतं. आधी आम्ही एकच चुंबक लावायचो, तर सगळे कण त्या बाजूच्या काचेला जाऊन चिकटायचे. मग जुन्या हार्डडिस्कचे चुंबक आणले. त्यांच्या एकाच तोंडावर अर्धं उत्तर, अर्धं दक्षिण असतं, त्यामुळे कण आणखी गोंधळले. तेव्हा ध्यानात आलं की क्षेत्र एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ असलं तर ते कणांना ओढतं, आणि सगळीकडे सारखं असलं तर जागेवर ठेवून रांगेत उभं करतं. ओढणं वेगळं आणि रांग लावणं वेगळं. चुंबक मात्र तेच.

१.५२ ला जीडीएल टाकलं. तिने वेळ लिहिली.

दुपारी २.१५

वीज गेली. पीएच मीटरचे आकडे विझले, पंखा थांबला. मामांनी निमूटपणे पीएच कागदाची गुंडाळी आणून ठेवली. हिरवा रंग पिवळसर होत जाताना पाहायचा, बस.

थंडी आमच्या विरुद्ध आहे. गारठ्यात जीडीएल आळसावतं, दह्यासारखंच. नळ्या उन्हात सरकवाव्या का? ती उठली. मी म्हटलं, "हात नको लावू." आणि मला माझाच आवाज चुलीपाशी ऐकल्यासारखा वाटला.

रिकाम्या वेळात तिला राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. गाझित-रेखेस यांनी २००६ साली पेप्टाइडच्या नळ्यांना मॅग्नेटाइटच्या कणांचा लेप दिला आणि साध्या चुंबकाने त्या आडव्या ओळीत लावल्या. आमची वाट तीच, लोहाच्या खांद्यावर बसून जायची. दुसरी वाट लोहाशिवायची. २००७ साली नॉटिंगहॅमच्या शास्त्रज्ञांनी गाझित यांच्या गटाबरोबर कुठलाही लेप न देता त्याच नळ्या ओळीत आणल्या, केवळ बेंझिनच्या कड्यांच्या त्या कृष्णनवाल्या आवडीवर. पण त्यासाठी १२ टेस्लापर्यंतचं क्षेत्र लागलं. दवाखान्यातलं एमआरआय साधारण दीड टेस्लाचं. पुण्यात मी पीएच.डी. करताना वापरलेलं ४०० मेगाहर्ट्झचं एनएमआर ९.४ टेस्लाचं, द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवलेलं. आमच्या लाकडी खोबणीतलं क्षेत्र त्यापुढे काहीच नाही. लोह नसेल तर पेप्टाइड आमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

"पन एक कडं बी थोडं तं वळत असंल?"

वळतं, पण पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देतात आणि एकट्याचा कल त्या धक्क्यांत हरवतो. लाखो कडी एका तंतूत एकाच दिशेने रचली गेली की सगळ्यांचा कल जमा होतो आणि तंतू वळतो. मात्र तंतू मोकळा असेपर्यंतच.

दुपारी ३.२०

पहिली नळी उलटी केली. सांडली नाही. दुसरी, तिसरी, चौथी, एकही नाही. "लागलं!" मामाही जवळ आले.

वीज अजून नाही, पण खिडकीपाशी आरसावाला जुना सूक्ष्मदर्शक आहे, त्याला वीज लागत नाही. नळ्यांबरोबरच तिने काचपट्ट्यांवर थेंब लावून ठेवले होते, तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना छोटे चुंबक. आरसा उन्हाकडे वळवला. दुसऱ्या नळीचा थेंब आधी: काळे ठिपके, कुठेही कसेही, चहाच्या गाळासारखे. मग तिसरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बाजूला सरून म्हणाली, "मॅडम, हे तं तिफणीचे तास हायेत."

खरंच तास होते. काळ्या रेघा एका दिशेने, जवळजवळ सारख्या अंतराने, मधेच एखादी तुटलेली, जसा बैल अडखळला की तास तुटतो. क्षेत्रात प्रत्येक कणगोळा छोटा चुंबक होतो, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याला लागतं आणि साखळी होते. आता चुंबक काढले. कण सगळं विसरले असतील, पण भोवती पेप्टाइडचं जाळं लागलेलं होतं. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

दुपारी ४.१०

चौथी नळी. ही लागली आहे, आता तिला खोबणीत ठेवलं. पाच मिनिटं, दहा, पंधरा. थेंबावरही तेच केलं. ठिपके जिथल्या तिथे. ती वैतागली आणि चकती थेट काचेला टेकवली. जेल थरथरलं, एका बाजूने काचेपासून सुटलं, भेग पडली आणि भेगेत पाणी जमलं. रांग एकही नाही.

"फाटलं," ती म्हणाली.

"लिही तसंच."

मग जर्नलमध्ये काय लिहायचं नाही, यावर जास्त वेळ गेला. 'पेप्टाइडचे तंतू ओळीत लागले' असं तिने लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. आम्हाला दिसल्या त्या लोहाच्या साखळ्या. तंतू नॅनोमीटरमधले, या भिंगाला दिसणं शक्यच नाही. ते साखळीच्या कडेने लागले की आपापले वेडेवाकडे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच सांगेल, आणि त्यासाठी नमुना पुण्याला पाठवावा लागेल. स्पेनच्या ग्रानादा विद्यापीठात याच जातीच्या पेप्टाइडमध्ये लोहाचे कण घालून, क्षेत्रात लावून, जेल अधिक घट्ट होतं हे मोजलं गेलं आहे. आमच्याकडे घट्टपणा मोजायचं यंत्र नाही. म्हणून आमचं वाक्य एवढंच: चुंबक लागण्याआधी दिला तर कणांच्या रांगा होतात आणि टिकतात, लागल्यावर दिला तर होत नाहीत.

"याचा उपयोग काय लिहू?"

मज्जातंतूंच्या पेशी ओळीतल्या तंतूंच्या कडेने वाढतात, म्हणून तुटलेल्या नसेला वाट दाखवणारं जेल करायचा प्रयत्न जगभर चालू आहे. सुईने द्रव आत सोडायचा, बाहेरून चुंबकाने दिशा द्यायची, मग तो आतच लागायचा. औषध भरलेलं जेल चुंबकाने हव्या जागी नेणं हाही एक विचार. पेप्टाइडचं रक्त थांबवणारं जेल शस्त्रक्रियेत वापरात आलंही आहे, चुंबकाला ऐकणारं मात्र अजून प्रयोगशाळेतच आहे. "तसंच लिही."

सायंकाळी ५.०५

तिने तिसरी नळी कापसात गुंडाळून कपाटात ठेवली, चौथीही ठेवली. फाटलेली कशाला, असं मामांनी विचारलं. ती म्हणाली, "तिच्याबिगर तिसरीले अर्थ नाही, मामा." मग ओढणी सावरत बसस्टँडकडे पळाली. वीज तेव्हाच आली.

रात्री ९.३०

घरी पेपर तपासून झाले. दूध तापवलं आणि आज वेळेवर कोमट असतानाच विरजण घातलं. एकदाच ढवळलं, झाकण ठेवलं. सासूबाईंनी धाबळी आणली.

"लागलं का तुह्यं आज?" त्यांनी विचारलं. त्यांना पेप्टाइड ठाऊक नाही, पण सून नळ्यांत काहीतरी लावते हे ठाऊक आहे.

"तीन लागल्या, आई. चौथी लागली होती, पन मंग तिले हलवलं."

"मंग फाटली असंल," त्या म्हणाल्या, आणि पातेलं चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं.